हाकेत टिकेल असं नाव

आत्या, आज संध्याकाळच्या आत मला एक नाव ठरवायचं आहे आणि सकाळपासून मी तेवढं सोडून बाकी सगळं केलं. भांडी घासली, घासलेली पुन्हा विसळली, गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीवरून उगाच हात फिरवून आले. नाव बाळाचं असतं तर मी निवांत बसले असते, कारण ते काम आत्याचं. पण हे नाव एका वेबसाइटचं आहे. तू होतीस तेव्हा हा शब्द आपल्या घरात आला नव्हता, म्हणून आधी तेवढं सांगते. फोनवर उघडतं असं एक ठिकाण असतं आणि त्या ठिकाणाला पत्ता लागतो. पत्ता म्हणजे एक शब्द, पुढे टिंब, पुढे दोन-तीन अक्षरं. तो जगात एकालाच मिळतो. कुणी आधी घेतला असेल तर आपण दुसरा शोधायचा. आणि एकदा का तो लोकांच्या तोंडी बसला की बदलणं म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोरीचं नाव बदलण्यासारखं.

त्या ठिकाणी जे आहे ते तुझंच आहे, म्हणून तर ही तगमग. आपल्या सरहद्दीच्या गावांतली पोरं अजूनही घरी मराठी बोलतात आणि शाळेत गेल्यावर समोर तेलुगू येतं. पहिले काही महिने ती नुसती बसून राहतात. त्यांच्यासाठी मी तू शिकवायचीस तसं शिकवायला लागले, आधी घरी, मग फोनवर. मराठीचा 'क' डाव्या हाताला, तेलुगूचा 'क' उजव्या हाताला, आणि दोन्हींना पुरेल असा एकच शब्द. तामसीकडच्या चार-दोन शिक्षकांनी ते पाहिलं आणि वर्गणी काढून भिंतीवर लावायचे तक्ते छापायचं ठरवलं. तक्त्याच्या खाली पत्ता असेल, म्हणजे पोरांना अक्षराचा आवाज फोनवर ऐकता येईल. तक्ता तयार आहे. फक्त खालची ओळ कोरी आहे. छापखानेवाला रोज फोन करतो, "मॅडम, नीचे की लाइन खाली है, क्या डालूं?" आणि मी त्याला रोज उद्या म्हणते. आज त्याने सांगितलं की संध्याकाळी मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल, मग शाळा उघडेपर्यंत काही मिळणार नाही.

गावच्या घरात तुझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात खिडकीशी होतं, कारण उजेड तिथेच यायचा. एका बाजूला चूल, एका बाजूला मशीन, मधे आम्ही. पाटी घ्यायची असं कुणाच्या मनात आलं नाही. बेतायचं असलेलं काळं अस्तर तू फरशीवर पसरायचीस, शिवणाचा चपटा खडू हातात द्यायचीस आणि स्वतः मशीनवर बसायचीस. गल्लीतल्या आणखी पोरी असायच्या. मान वर न करता तू म्हणायचीस, "लिहा." आम्ही लिहायचो. पायडल थांबवून एकदा खाली पाहायचीस, आणि "पुसा." मग कापड दोन बाजूंनी धरून झटकायचं. दिवसभर तेच. एकदा कुणाच्या तरी अक्षरासकट अस्तर कापलं गेलं आणि ती बाई ब्लाउज घेऊन परत आली, हसत, बाही उलटी करून. "माया बाहीत कोनाचा 'म' राह्यला व?" तू म्हणालीस, "राहू दे, शिकशील तू बी."

तेलुगू तुला सासरहून आलं होतं. तिकडे निर्मल गावाकडे तुझं सासर, आजूबाजूला सगळे तेलुगू बोलणारे, तिथे तू जेमतेम काही वर्षं राहिलीस. तिथून परत येताना तू काय आणलंस असं मी एकदा विचारलं होतं. "भाषा आनली," म्हणालीस. "बाकीचं थ्यायलेच ठेवू देल्लं." मला वाटलं गंमत करतेस.

पहिलं तेलुगू वाक्य तू मला शिकवलंस ते नावाचं, कारण शाळेत पहिल्या दिवशी सार तेच विचारणार. तू सार व्हायचीस, मोजपट्टी हातात घेऊन, आवाज जाड करून. "नी पेरु एमिटि?" मी उभी राहून माझं नाव सांगायचे. "जोरात. सारचे कान म्हातारे हायेत." मी आणखी जोरात सांगायचे. मग माझी पाळी. मोठ्या माणसाला विचारतात तसं मी विचारायचे, "मी पेरु एमिटंडी?" आणि तू दर वेळी तेच उत्तर द्यायचीस, "ना पेरु आत्या." मी म्हणायचे, असं नाही, खरं नाव. तू म्हणायचीस, हेच खरं हाय.

दुसरीत असताना मला वाचता यायला लागलं आणि मी दिसेल ते वाचत सुटले, डब्यांवरचं, भिंतींवरचं, रेशन कार्डावरचं. कार्डावर तुझं नाव सापडलं. तुला खूश करायचं म्हणून मी ते काळ्या कापडावर लिहिलं, मराठीत आणि तेलुगूत, दोन ओळी, एकही चूक नाही. तू पायडल थांबवलंस. कापड झटकलं नाहीस. खाली वाकून तळहाताने पहिली ओळ पुसलीस, हळू, जसं पिठाचं ताट पुसतात. "हे कोनं शिकोलं तुले?" मी म्हटलं, कार्डावर आहे. "कार्डावरचं कार्डावर राहू दे. दुसरी तू पुस." मी पुसली. तू रागावली नव्हतीस, हे मला अजून नीट आठवतं, आणि म्हणूनच ते मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी तू मला निळा खडू दिलास, माझा एकटीचा. कशाबद्दल दिलास ते मला कळलं नाही. ते कळलं या गुरुवारी.

दादाचं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. वेबसाइटचं सगळं त्याने जमवलंय आणि नावाचे नियमही त्यानेच सांगितले. नाव लहान पाहिजे. फोनवर सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहिता आलं पाहिजे. मधे आडवी रेघ नको, आकडा नको, माणूस तेच विसरतो. दुसऱ्या कुणाच्या नावाला चिकटून नको. आणि उद्या काम वाढलं तर आखूड पडायला नको. तो बोटांवर मोजत होता आणि मला तू दिसत होतीस. कुणाच्या घरी बारसं ठरलं की तू मला नाल्यापलीकडे उभी करायचीस आणि अलीकडून ते नाव घेऊन हाक मारायचीस. अर्धं वाऱ्यात गेलं की ते नाव बाद. "हाकेत टिकलं पायजे," म्हणायचीस. गल्लीत त्या नावाची दुसरी पोर असली तर बाद. तेलुगू सारच्या जिभेला जड असेल तर बाद. "अन् म्हातारी झाल्यावर बी शोभलं पायजे. पाळन्यापुरतं नाव ठेवून कोनाचं भलं झालं."

मी किती शब्द लावून पाहिले म्हणून सांगू. 'अक्षर' असलेलं सगळं गेलेलं. 'शिका' असलेलं लांबलचक होतं. एक नाव फार आवडलं तर ते टाकल्यावर सिमेंट विकणाऱ्या कुणाचं पान उघडलं. नाव सापडलं की मी ते रात्रभर पोटात ठेवायचे आणि सकाळी त्यात खोट काढायचे. दादा म्हणाला, "तुले त चहात साखर टाकाले बी कोनाची परवानगी लागते." मग गुरुवारी दुपारी जेवायला आला तो लॅपटॉप घेऊनच. मी नाव शोधलंय म्हणाला. त्याने तुझं नाव टाकलं होतं. कार्डावरचं. वहिनी म्हणाली, किती छान, आत्याबाईंचं नाव राहील. लहान होतं, सोपं होतं, सगळ्या नियमांत बसत होतं. मला आधी आनंदच झाला. मग तो तळहात आठवला.

बाबा जेवत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, उठले, हात धुतले, पंच्याला पुसत परत आले आणि उभ्यानेच विचारलं, "हे नाव कोनाचं हाय?" दादा म्हणाला, आत्याचं. बाबा म्हणाले, "थे तिच्या सासरचं. लग्नात बदलवलं थ्यायनं. ती परत आली त थे नाव दारातच ठेवून आली. कार्डावर राह्यलं, कारन कोन हेलपाटे घालनार. पन आमी या घरात थ्या नावानं तिले कधी बलावलं नाय." आयुष्यभर तुला आत्या म्हटलं, आई तुला ताई म्हणायची, बाबा अक्का म्हणायचे, गल्ली शिलाईवाली म्हणायची. जिने मला नाव दिलं तिचं नाव मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते मी तुझ्यासमोर दोन भाषांत लिहून ठेवलं होतं.

मग बाबांनी तुझं माहेरचं नाव सांगितलं. सांगताना ते भिंतीकडे पाहत होते. दादाने ते लगेच टाकून पाहिलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, उपलब्ध आहे. म्हणजे एवढ्या जगात तुझं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. मला रडू आलं नाही, भीती वाटली. बाबा म्हणाले, "मंग हेच ठेवा." आणि जेवण अर्धवट सोडून बाहेर जाऊन बसले.

दादासाठी प्रश्न सुटला होता. माझ्यासाठी तिथून सुरू झाला. तुझं नाव घातलं नाही तर मी तुझी शिकवण घेऊन माझ्या पत्त्यावर मांडली असं होणार. घातलं तर शंभर भिंतींवर ते नाव चिकटणार जे तू स्वतः कधी उच्चारलं नाहीस. तुला विचारता येत नाही. विचारलं असतं तरी तू सांगितलंच असतंस असं नाही.

काल शुक्रवारी मी तामसीची बस धरली आणि गावी मावशीकडे गेले. आपल्या घराला लागून घर असलेली, तुझ्याजवळ काजं-बटणं करायला बसायची ती मावशी. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला पायाच्या आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "ये व. सुकून राह्यली काऊन?" मी तिला तक्त्याचा नमुना दाखवला, मग तुझ्या नावाचं विचारलं. ती म्हणाली, "कोनतं नाव? बायकायले दोन-दोन असतात." दोन्ही तिला माहीत होती. मग तिने माझ्या बारशाचं सांगितलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू तेव्हा नुकतीच परत आली होतीस. बायका जमल्या, वंदना झाली, पाळणा सजवला, आणि कुणीतरी हळूच म्हणालं की नांदत नसलेली आत्या पाळण्याशी कशाला, दुसऱ्या कुणीही नाव ठेवावं. तू स्वयंपाकघरातून बाहेरच आली नव्हतीस. आई बाळंतीण, तिने तोंड उघडायचं नसतं, पण ती म्हणाली, "पोर माई हाय, अन् तिले आत्या एकच हाय." आणि उठून तुझा हात धरून तुला घेऊन आली. तू वाकलीस, माझ्या कानात कुर्रर्र केलंस, नाव सांगितलंस. रीतीप्रमाणे बायकांनी तुझ्या पाठीवर धपाटे घालायचे. पण त्या आधी बोललेल्या, आता शरमलेल्या. नुसते हात लावत होत्या. मावशी सांगते, तू वाकलेलीच राहिलीस आणि म्हणालीस, "जोरात मारा व. नाव बसलं पायजे." मग हसू फुटलं आणि खरोखर मारलं सगळ्यांनी. "दोन दिवस पाठ शेकली तिनं," मावशी म्हणाली. "अन् मंग गल्लीत कोनाचं बी बारसं असो, तिलेच बलावनं. सगळ्यायची आत्या."

मी विचारलं, मग मावशी, तक्त्यावर तिचं माहेरचं नाव घालू का? मावशीने तक्ता डोळ्यांपाशी नेला, दूर केला, अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, मले काय इचारतं, मले वाचता येते कुठी. मग अक्षरांवर बोट ठेवूनच, "पन हे तिचंच हाय. लिहा, पुसा. भिंतीच्या पलीकडून दिवसभर आमच्या कानात थेच. मशीन चालू असलं तरी ऐकू ये."

परतीच्या बसमध्ये मी फोनवर ते टाकून पाहिलं. लिहापुसा. हिरवं आलं. शेजारच्या बाईला मी म्हटलं, काकू, एक शब्द सांगते, तुमच्या फोनवर बोलून पाहता? ती फोन तोंडाशी धरून बोलली आणि फोनने बरोबर लिहिलं. पुढे तेलुगू बोलणाऱ्या दोघी बसल्या होत्या, त्यांनाही म्हणायला लावलं. एकीने विचारलं, म्हणजे काय अक्का? मी सांगितलं. "मंची पेरु," म्हणाली, चांगलं नाव. कंडक्टर माझ्याकडे असा पाहत होता की ही तिकिटाऐवजी भलतंच वाटतेय. मला वाटलं, झालं. आणि घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा लक्षात आलं की नाही झालं, बाबांना सांगायचं आहे. काल सांगितलं नाही. आज सकाळपासून भांडी घासतेय.

इथवर लिहिलं आणि उठून बाहेर गेले. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, मावशीचं, बारशाचं, बसमधलं. त्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, "मंग तिचं नाव कुठीच नाय." ते खरंच होतं. शेतावर नाव नाही, घरावर नाही, शिवलेल्या कपड्यावर शिलाईवालीचं नाव कुणी घालत नाही, आणि कार्डावर होतं ते तुझं नव्हतं. बाबांनी पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तिले इचारलं असतं त तिनं बी हेच म्हटलं असतं. मले आडवं करून म्हटलं असतं. ठेव. पन एकदा कुठी तरी तिचं नाव लिहेलं पाहाव, असं वाटे मले." आणि पेपर उघडून समोर धरला. उलटा नव्हता, पण वाचत नव्हते.

मी दादाच्या दुकानात गेले. वहिनीही होती, दोघं दुकान आवरत होते. दादाने नाव टाकलं, पुढच्या रकान्यात मालकाचं नाव मागितलं, तिथे तू कानात सांगितलेलं माझं नाव टाकलं. दर वर्षी हे पुन्हा भरावं लागतं, विसरलीस तर दुसरा कुणी घेऊन जाईल, त्याने बजावलं. मी विसरेन का, मला तर झोपेतही आठवेल. तो शेवटचं बटण दाबणार तेवढ्यात मी म्हटलं, थांब. खुर्ची मागे सारली, स्क्रीनपाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र केलं. दादा म्हणाला, "पागल झाली का व तू?" पण वहिनी गावातलीच, तिला कळलं. तिने हातातला झाडू टाकला आणि मागून माझ्या पाठीत धपाटा घातला. हळू होता. मी वाकलेलीच राहिले. म्हटलं, वहिनी, जोरात. मग दादानेही एक घातला, भावाचा, चांगला बसला. छापखानेवाल्याला फोन केला तेव्हा माझा आवाज दुखऱ्या माणसासारखा येत होता. त्याने शब्द एकदाच ऐकला आणि न विचारता बरोबर लिहून घेतला.

आता एवढंच. दादा कुलूप शोधायला मागच्या खोलीत गेला आणि वहिनी शटरशी होती, तेवढ्यात मी त्याच यंत्रावर तुझं माहेरचं नावही घेतलं. कुणाला सांगितलेलं नाही. त्या पत्त्यावर काही नाही, कोरं पान आहे, वर फक्त ते नाव दिसतं. हे पत्र तिथे ठेवता येईल, तेवढं मला येतं. ठेवणार नाही. घरी आल्यापासून फोन हातात आहे, पान उघडलेलं आहे, बाबा अजून ओट्यावर आहेत, आणि मी दारातून त्यांच्याकडे पाहत उभी आहे.